लसीचा दाखला मागावा का? आधी दार कुठलं ते सांगा

लसीच्या दाखल्यावरची चर्चा पाच मिनिटांत हमरीतुमरीवर येते, त्याचं एक साधं कारण आहे. बोलणाऱ्या दोघांच्या डोळ्यांपुढे दोन वेगळ्या जागा असतात. एकाला दिसतो अतिदक्षता विभाग, तो म्हणतो, "तिथल्या नर्सनं लस घ्यायला नको का?" दुसऱ्याला दिसतं नाट्यगृह, तो म्हणतो, "नाटक बघायला माझे वैद्यकीय कागद कशाला हवेत?" दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. भांडण होतं ते "दाखला हवा की नको" असा एकच सरसकट प्रश्न विचारला जातो म्हणून.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दाखला मागण्याला माझा विरोध नाही, पण तो मागण्याआधी लस कुठली, दार कुठलं आणि दाखला नसलेल्या माणसाला दुसरी वाट कोणती, या तिन्हींचं उत्तर मागणाऱ्यानं द्यायला हवं. त्याला ते देता येत नसेल तर दाखला नसणाऱ्याला अडवण्याचा हक्क त्याला नाही.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी करू. लस सक्तीची करणं म्हणजे ती न घेतल्यास दंड किंवा शिक्षा. दाखला मागणं म्हणजे अट घालणं: इथं यायचं असेल तर लस घेतल्याचं दाखवा. कागदावर हा फरक स्पष्ट आहे. व्यवहारात मात्र दार जितकं गरजेचं, तितकी अट सक्तीच्या जवळ जाते. नाटकाला गेलं नाही तर एक संध्याकाळ बुडते, नोकरीवर जाता आलं नाही तर महिन्याचा पगार. तेव्हा "आम्ही सक्ती कुठे केली, फक्त दाखला मागितला" हे वाक्य ऐकलं की दार कुठलं होतं हे जरूर विचारावं.

लस नेमकं कोणाला वाचवते?

सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच. सगळ्या लसी एकसारखं काम करत नाहीत.

धनुर्वाताचं घ्या. त्याचे जंतू मातीत असतात, जखमेतून शरीरात शिरतात आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. धनुर्वाताची लस न घेतलेला माणूस तुमच्या शेजारी बसला तर धोका त्याला आहे, तुम्हाला काडीचाही नाही. म्हणून "इतरांच्या सुरक्षिततेसाठी धनुर्वाताचा दाखला दाखवा" या मागणीला अर्थच नाही. त्याच्या भल्यासाठी त्याला लस घ्यायला सांगा, समजवा, फुकट टोचा. दारात अडवू नका.

दुसऱ्या टोकाला आहे गोवर. प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात गोवराचा एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना आजार देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतात. म्हणजे ज्याचं तोंडही तुम्ही पाहिलं नाही त्याच्याकडून तुमच्या बाळाला गोवर होऊ शकतो. इथं थोडं गणित करू. एक रुग्ण १५ जणांना आजार देत असेल तर साथ थांबवण्यासाठी त्या १५ पैकी १४ जण तरी सुरक्षित हवेत, म्हणजे मग एकाकडून फार तर एकालाच लागण होईल आणि साथ वाढणार नाही. पंधरातले चौदा म्हणजे ९३ टक्के. गोवराच्या बाबतीत ९५ टक्के लसीकरणाचा आग्रह धरला जातो तो यावरून.

उरलेल्या पाच टक्क्यांत कोण असतं? लस घेण्याचं वय न झालेली तान्ही बाळं असतात. कर्करोगावर केमोथेरपी घेणारे असतात, त्यांना गोवराची जिवंत विषाणूंची लस देता येत नाही. एखाद्या घटकाची तीव्र ॲलर्जी असलेले असतात. त्यांच्याभोवतीची बाकीची माणसं सुरक्षित असणं, हेच त्यांचं संरक्षण. गोवराच्या लसीचे दोन डोस सुमारे ९७ टक्के संरक्षण देतात आणि आजार पुढे जाणंही थांबवतात. त्यामुळे गोवराच्या दाखल्यातून दुसऱ्याला खरंच काहीतरी कळतं: हा माणूस आजार आणणार नाही, बहुधा.

बाकीच्या लसी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात, आणि गुंता होतो तो तिथेच. बीसीजी लहान मुलांना क्षयरोगाच्या गंभीर प्रकारांपासून, मेंदूच्या क्षयापासून वाचवते. मोठ्या माणसांमधला फुप्फुसाचा क्षय आणि त्याचा प्रसार रोखण्यात तिचा उपयोग फार मर्यादित आहे. पोलिओत तर एकाच आजाराच्या दोन लसींमध्ये फरक आहे. इंजेक्शनची लस लकव्यापासून उत्तम संरक्षण देते, पण विषाणू आतड्यात वाढून विष्ठेवाटे बाहेर पडणं ती तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या थेंबांइतकं रोखत नाही. स्वतः धडधाकट राहिलेलं मूल विषाणू पुढे पोहोचवू शकतं. "लस घेतली" एवढ्या दोन शब्दांत यातलं काहीच दिसत नाही.

दारातल्या पहारेकऱ्याचं गणितही मांडून बघू. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, लस न घेतलेल्या १०० माणसांमध्ये आज एक जण आजार पसरवण्याच्या अवस्थेत आहे. १०० माणसांचं सभागृह भरलं तर आत सरासरी एक रुग्ण असणार. आता फक्त लस घेतलेल्यांना आत सोडलं आणि लस लागण ९० टक्क्यांनी कमी करत असेल, तर अशा दहा सभागृहांमागे एकात रुग्ण सापडेल. पहारेकऱ्याचा पगार वसूल. पण तीच लस काही महिन्यांनी, विषाणू बदलल्यावर, लागण फक्त ३० टक्क्यांनी कमी करत असेल तर? दहा सभागृहांत मिळून सात रुग्ण. आधी दहा होते. पहारा तोच, रांग तीच, दारातली हुज्जतही तीच, आणि आत बसलेला मात्र निर्धास्त होऊन मास्क काढून बसलेला. हीच लस त्याला स्वतःला अतिदक्षता विभागात जाण्यापासून भक्कमपणे वाचवत असू शकते. ते तिचं मोठं काम आहे, पण दारावर दाखला तपासण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

दंडावरचा वण

दाखल्याची कल्पना कोविडनं आणली असा समज असेल तर तो सोडून द्या. एडवर्ड जेन्नरनं १७९६ मध्ये देवीच्या लसीचा प्रयोग केला आणि पुढच्या शतकात ती लस सक्तीची होत गेली. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्यानं तान्ह्या बाळांना लस टोचणं बंधनकारक केलं, १८६७ मध्ये दंडाची तरतूद कडक झाली. गरीब आईबापांना वारंवार दंड व्हायचा, भरला नाही तर घरातलं सामान जप्त व्हायचं, प्रसंगी तुरुंग. १८८५ मध्ये लेस्टर शहरात याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. अखेर १८९८ मध्ये ज्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला लस मान्य नाही अशा पालकांना सूट देणारा कायदा झाला. सक्ती ताणली की विरोध संघटित होतो, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

त्या काळात कागदापेक्षा भरवशाचा पुरावा होता शरीरावरच. देवीची लस टोचल्यावर दंडावर गोल, खोलगट वण उठायचा. आपल्याकडच्या वयस्क माणसांच्या दंडावर तो अजूनही दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साथ आली की स्थलांतरितांना, कामगारांना बाही वर करून वण दाखवायला सांगत. माणूस तिथेही माणूसच, काहींनी आम्ल लावून कातडी भाजून घेतली आणि खोटे वण तयार केले. लस टोचून घेणं त्यापेक्षा कमी वेदनेचं होतं हा भाग वेगळा.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला एक खटला आजही सगळीकडे उद्धृत होतो. केंब्रिज शहरात देवीची साथ असताना प्रौढांना लस घेण्याचा आदेश निघाला, हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकानं नकार दिला, त्याला पाच डॉलरचा दंड झाला. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दंड योग्य ठरवला. समाजाच्या सुरक्षिततेसाठी व्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी मर्यादा घालता येतात, असा त्याचा मथितार्थ. १९२२ मध्ये त्याच न्यायालयानं दाखला नाही म्हणून मुलीला शाळेत प्रवेश नाकारणारा टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराचा नियमही उचलून धरला, आणि तोही शहरात साथ नसताना.

जेकबसनचा निकाल उद्धृत करणारे दोन गोष्टी सहसा सांगत नाहीत. पहिली, न्यायालयानं पाच डॉलरचा दंड मान्य केला होता, हात धरून सुई टोचायला परवानगी दिली नव्हती. दुसरी जास्त अस्वस्थ करणारी आहे. १९२७ मध्ये त्याच न्यायालयानं "मतिमंद" ठरवलेल्या एका तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली तेव्हा आधार म्हणून याच जेकबसन निकालाचं नाव घेतलं. लसीच्या सक्तीमागचं तत्त्व एवढं व्यापक आहे की त्यात हेही बसतं, असं निकालपत्रात म्हटलं होतं. लसीचा मी पक्का समर्थक आहे, तरीही "समाजाच्या भल्यासाठी" एवढ्यावर समाधान मानायला मी तयार नसतो, याचं मोठं कारण हा १९२७ चा निकाल आहे.

पिवळं पुस्तक कोणाला का खटकत नाही?

एक दाखला मात्र वर्षानुवर्षं फारशी कुरकुर न होता चालू आहे. पीतज्वराचा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत जाताना किंवा तिथून परतताना पिवळ्या रंगाचं छोटं पुस्तक दाखवावं लागतं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार त्याचा नमुना जगभर एकच. त्यात नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा क्रमांक, लस दिल्याची तारीख, लस बनवणारी कंपनी, बॅच क्रमांक, देणाऱ्याची सही आणि अधिकृत केंद्राचा शिक्का असतो. दाखला लागू होतो लस घेतल्यानंतर दहाव्या दिवशी, कारण संरक्षण तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. विमानाच्या आदल्या दिवशी धावतपळत लस घेणाऱ्यांची इथेच फसगत होते. पूर्वी हा दाखला दहा वर्षं चालायचा. एकच डोस आयुष्यभर पुरतो असं दिसून आल्यावर जुलै २०१६ पासून तो आजन्म वैध झाला, आधी काढलेले दाखलेसुद्धा.

इथं कोणी रस्त्यावर का उतरत नाही? मला वाटतं, कारण इथं सगळं उघड आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस डास भारतात आणि आशियाच्या मोठ्या भागात मुबलक आहे, विषाणू मात्र इथं नाही. एक आजारी प्रवासी आणि इथले डास एकत्र आले तर काय होईल हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही. लस परिणामकारक आहे. ज्यांना ती देता येत नाही, उदाहरणार्थ अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, त्यांच्यासाठी त्याच पुस्तकात वैद्यकीय कारणाची नोंद करायची जागा आहे. दाखला नसेल तर दुसरी वाटही आहे: आजार अंगात मुरायचा काळ, म्हणजे फार तर सहा दिवस, वेगळं राहा आणि मग जा. शिवाय विज्ञान बदललं तसा नियमही बदलला. हजला जाणाऱ्यांसाठी मेंदूज्वराच्या लसीची सौदी अरेबियाची अट अशीच आहे. लाखो लोक दाटीवाटीनं काही दिवस राहतात, तिथे यापूर्वी साथी आल्या आहेत, आणि परतणारे तो आजार घरोघरी घेऊन गेले आहेत.

कोविडच्या काळात घसरलं कुठे?

२०२१ च्या फेब्रुवारीत इस्रायलनं ग्रीन पास आणला. युरोपीय संघाचं डिजिटल प्रमाणपत्र १ जुलै २०२१ पासून लागू झालं. फ्रान्सच्या अध्यक्षांनी १२ जुलैच्या भाषणात जाहीर केलं की यापुढे कॅफे, रेस्तराँ, लांब पल्ल्याच्या गाड्या यांसाठी आरोग्य पास लागेल. त्या भाषणानंतर लगेचच लाखो लोकांनी लसीसाठी नोंदणी केली. आता हा नियम कॅफेतल्या गिऱ्हाइकांना वाचवण्यासाठी होता, की लोकांना लसीकरण केंद्राकडे ढकलण्यासाठी? दोन्ही, पण बोलताना पहिलं सांगितलं जायचं. माझी तक्रार इथं आहे. लोकांना लस घ्यायला लावणं हा वाईट हेतू मुळीच नाही, त्यानं जीव वाचले. पण तोच हेतू असेल तर तो स्पष्ट सांगावा. सुरक्षिततेचं कारण पुढे केलं की विषाणू बदलल्यावर ते कारण कोसळतं, आणि त्याबरोबर सांगणाऱ्याची पतही.

फ्रान्सच्या पासमध्ये सुरुवातीला तीन वाटा होत्या: लस, नुकताच आजार होऊन बरं झाल्याचा पुरावा किंवा निगेटिव्ह चाचणी. ऑक्टोबर २०२१ च्या मध्यापासून लस न घेतलेल्या बहुतेकांसाठी मोफत चाचणी बंद झाली, म्हणजे तिसऱ्या वाटेवर टोलनाका बसला. २४ जानेवारी २०२२ पासून कॅफे-रेस्तराँसाठी चाचणीची वाटही बंद करून फक्त लसीचा पास आणला गेला. गंमत अशी की नोव्हेंबरच्या अखेरीस ओमायक्रॉन आलेला होता आणि लस घेतलेल्यांनाही सर्रास लागण होत होती. दाखल्यातून सर्वांत कमी अर्थ निघत होता तेव्हाच नियम सर्वांत कडक झाला. १४ मार्चला तो गुंडाळलाही. ऑस्ट्रियानं तर सगळ्या प्रौढांना लस सक्तीची करणारा कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये लागू केला, मार्चमध्ये दंड सुरू व्हायच्या आधीच स्थगित केला आणि उन्हाळ्यात रद्द केला.

मुंबईच्या लोकलचं उदाहरण मला यापेक्षा बोलकं वाटतं, कारण त्यात अट घालणारे एक साधी गोष्ट विसरले. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकलनं प्रवास करायला मुभा मिळाली. ऐकायला वाजवी. आता तारखा मोजा. १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुलं झालं १ मे रोजी, तेही तुटवड्यात. कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये किमान १२ आठवड्यांचं, म्हणजे ८४ दिवसांचं अंतर मे महिन्यातच ठरवलं गेलं. त्यावर १४ दिवस. एखाद्या पंचविशीतल्या मुलीला जूनच्या १ तारखेला पहिला डोस मिळाला असेल, तर दुसरा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आणि लोकल सप्टेंबरमध्ये. तिनं लस नाकारली नव्हती. सरकारनं सांगितलं त्या दिवशी, सांगितलं तेवढं अंतर ठेवून ती लस घेत होती, तरी गाडीच्या दारात ती आणि लस नाकारणारा एकाच रांगेत. दाखला नसलेला प्रत्येक जण हट्टी असतो, हे गृहीतक असंच फसतं. कोणाला लस मिळालेली नसते, कोणाचं कार्ड हरवलेलं असतं, कोणाच्या नावातलं स्पेलिंग जुळत नसतं.

न्यायालयांनी यातून बऱ्यापैकी शहाणी वाट काढली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ रोजी सांगितलं की स्वतःच्या शरीरावरचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, त्यामुळे कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. पुढचं वाक्य पुष्कळ जण गाळतात: सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही निर्बंध घालू शकतं, पण ते प्रमाणात असले पाहिजेत. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग होतो हे दाखवणारी आकडेवारी सरकारांनी समोर ठेवलेली नाही, म्हणून रुग्णसंख्या कमी आहे तोवर लस न घेतलेल्यांवरच्या निर्बंधांचा फेरविचार करावा, असंही न्यायालयानं सुचवलं. अमेरिकेत १३ जानेवारी २०२२ रोजी एकाच दिवशी दोन निकाल लागले. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या सगळ्या आस्थापनांसाठी "लस घ्या नाहीतर दर आठवड्याला चाचणी करा" हा नियम ६ विरुद्ध ३ मतांनी रोखला गेला. सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांसाठीची लसीची अट ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली. लस तीच, आजार तोच, दार वेगळं. न्यायाधीशांनी मुख्यतः कायद्यानं दिलेल्या अधिकारांचा कीस पाडला होता, पण सामान्य बुद्धीलाही तो फरक पटतो. रुग्णाला नर्स निवडता येत नाही.

क्यूआर कोडमध्ये असतं काय?

युरोपातल्यासारख्या प्रमाणपत्राच्या क्यूआर कोडमध्ये तुमचं नाव, जन्मतारीख, लस, डोस आणि तारीख एवढी माहिती असते आणि तिच्यावर सरकारी यंत्रणेची डिजिटल सही असते. सही करण्याची किल्ली गुप्त, तपासण्याची किल्ली सगळ्यांसाठी खुली. लाखेची मोहर ओळखता सगळ्यांना येते, पण उमटवता येते ती शिक्का ज्याच्याकडे आहे त्यालाच, तसंच हे. त्यामुळे तपासणाऱ्याच्या फोनला इंटरनेट नसलं तरी खरंखोटं कळतं आणि तुम्ही कुठे कुठे गेलात याची नोंद कुठल्याही केंद्रीय सर्व्हरवर व्हायची गरज उरत नाही. नीट बांधलेली व्यवस्था अशी असते. वाईट व्यवस्थेत प्रत्येक स्कॅनची नोंद होते, आणि नोंद झालेली माहिती कधी ना कधी कोणीतरी मागतंच. सिंगापूरमध्ये कोविड संपर्क शोधण्यासाठी गोळा केलेली माहिती गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांना मिळू शकते हे जानेवारी २०२१ मध्ये उघड झालं, तेव्हा लोक भडकले होते. ती माहिती दाखल्यांची नव्हती, पण भीतीची जात तीच.

आणि सही कितीही पक्की असली तरी सहीखालचा मजकूर खरा असेलच असं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये युरोपात चक्क ॲडॉल्फ हिटलरच्या नावाचं कोविड प्रमाणपत्र फिरत होतं आणि पडताळणीच्या ॲपमध्ये ते हिरवं दिसत होतं! लस न टोचताच सिरिंज कचऱ्यात टाकून नोंद करणारे कर्मचारीही अनेक देशांत पकडले गेले. दारावर स्कॅन करणारा मुलगा हे कसं ओळखणार? हिरवी खूण आली की सोबत ओळखपत्र बघायचं असतं, आणि गर्दीत ते कोणी बघत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

शाळेचं दार

शाळेच्या बाबतीत माझा कौल दाखल्याच्या बाजूनं जास्त झुकतो, पण मूल घरी पाठवण्याच्या बाजूनं नाही. फरक सांगतो. प्रवेशाच्या वेळी लसीकरण कार्ड मागितलं की पुष्कळ पालकांच्या लक्षात येतं की दुसरा डोस राहिलाय. नकार नसतोच, विसर असतो: बदली झाली, गाव बदललं, आजारपण आलं. कार्ड मागणं हे तिथे आठवण करून देणं असतं. त्याच दिवशी शाळेतच लस द्यायची सोय असेल तर निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

जर्मनीनं १ मार्च २०२० पासून गोवराबाबत केलेला कायदा म्हणूनच मला विचारपूर्वक केलेला वाटतो. बालवाडीत दाखला नसेल तर मुलाला प्रवेश नाकारता येतो. शाळेतून मात्र काढता येत नाही, कारण शिक्षण सक्तीचं आहे. तिथे पालकांना अडीच हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं हा कायदा टिकवला. आईबापाच्या निर्णयाची किंमत मुलाच्या शिक्षणातून वसूल करायची नाही, एवढं भान त्यात आहे.

कॅलिफोर्नियाचा अनुभव सूट देण्याबद्दल शिकवतो. डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नेलँडमधून सुरू झालेल्या गोवराच्या साथीनंतर तिथे "आमच्या श्रद्धेत बसत नाही" या कारणावर मिळणारी सूट बंद करणारा कायदा २०१५ मध्ये झाला. लसीकरण वाढलं. त्याबरोबर वैद्यकीय कारणावरची सूटही अचानक वाढली, कारण काही डॉक्टर ती प्रमाणपत्रं सढळ हातानं वाटायला लागले. २०१९ मध्ये त्यावर सरकारी तपासणी बसवावी लागली. सूट अजिबात नसणं क्रूर, आणि मागेल त्याला सूट म्हणजे नियमच नाही. मधली जागा राखायला माणसं लागतात, आणि त्यांना पगार द्यावा लागतो, हे नियम करणारे सोयीस्कर विसरतात.

साथ नसताना मूल शाळेत ठेवा आणि साथ आली की लस न घेतलेल्या मुलांना तात्पुरतं घरी ठेवा, असाही एक प्रकार आहे. गोवरात हा काळ शेवटच्या संपर्कानंतर साधारण २१ दिवसांचा धरतात. पालकांना ही शक्यता प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगितली तर नंतरची हुज्जत बरीच टळते.

मग कुठे मागावा आणि कुठे नाही? रुग्णालयात, वृद्धाश्रमात, तान्ह्या बाळांच्या पाळणाघरात काम करणाऱ्यांकडून, आजार पसरणं रोखणाऱ्या लसींचा दाखला मागायला माझी हरकत नाही. ज्यांना वैद्यकीय कारणानं लस घेता येत नाही त्यांना तिथेच दुसऱ्या विभागात काम द्यावं. सरहद्दीवर, पीतज्वरासारख्या आजारासाठी, मागावा. रेस्तराँ, दुकान, रोजची गाडी इथं, साथ टिपेला असताना आणि लस प्रसार खरोखर रोखत असतानाच, काही आठवड्यांपुरता, संपण्याची तारीख आदेशातच लिहून. रेशन, पाणी, उपचार आणि मतदान यांच्या दारात मात्र कधीही नाही. साथ कितीही भयंकर असली तरी नाही.

तुमचा स्वतःचा दाखला हरवला असेल तर घाबरायचं कारण नाही. लस दिली तिथल्या नोंदवहीत किंवा सरकारी पोर्टलवर नोंद सापडते का ते आधी बघा. गोवर, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्याबाबत रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी करून मिळालेला अहवाल बऱ्याच संस्था पुरावा म्हणून मान्य करतात. नोंद सापडत नसेल तर गोवर-रुबेलाचा डोस पुन्हा घेण्यात सहसा अपाय नसतो, मात्र गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असताना घ्यायचा नाही, आणि निर्णय डॉक्टरांना विचारूनच. पीतज्वराचं पुस्तक हरवलं तर ज्या केंद्रानं दिलं तिथेच जावं लागतं, त्यामुळे त्याच्या पानाचा फोटो आणि बॅच क्रमांक आजच जपून ठेवा.